धाकट्या दिराच्या नावाची मूठ

आमच्या घरी कानबाई देवी बसते. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी ती बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते, हे खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांना मात्र रोटाचं सांगावं लागतं. आदल्या दिवशी, शनिवारी, घरातली थोरली बाई गव्हाच्या पोत्याजवळ बसते. घरातल्या आणि भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घेते आणि त्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकते. एक भरलेली मूठ आणि वर चार दाणे जास्तीचे. त्यात चण्याची डाळ घालून दळण होतं, त्याचा नैवेद्याचा रोट होतो, आणि तो फक्त भाऊबंदांनीच खायचा असतो. शेजारी कितीही जिव्हाळ्याचा असला तरी त्याला त्यातला घास मिळत नाही.

मूठ टाकणाऱ्या बाईच्या नावाची मूठ नसते. सूप धरून बसणाऱ्या सुनेच्या नावाचीही नसते. लग्न होऊन आले त्या वर्षी मी हे सासूबाईंना विचारलं होतं, कारण तोंड आवरणं मला तेव्हाही जमत नव्हतं. त्या म्हणाल्या, "आपले खावाले भेटस ना? मंग?" मी शाळेत पोरांना प्रमाण मराठी शिकवते आणि घरी येऊन अहिराणीत भांडते, पण त्या 'मंग'ला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

गाव आमचं रनाळ्याच्या बाजूला, सगळं काळं रान. कापूस, मिरची, पपई. भाऊबंदकीतली पोरं आता सुरतेला कंपनीत, पुण्याला शिकायला, पण रोटाच्या रविवारी सगळी झाडून घरी येतात. येत नव्हता तो फक्त माझा धाकटा दीर. तो फौजेत. भरती झाल्यापासून एकदाही त्याला श्रावणात सुट्टी मिळाली नव्हती. त्याच्या नावाची मूठ मात्र दरवर्षी पडायची, आणि त्याच्या वाट्याचा रोट सासूबाई सोमवारी सगळ्यांच्या शेवटी स्वतः खायच्या. मी एकदा थट्टेनं म्हटलं, "माय, तुमले दोन वाटा." त्यांनी घास तोंडात ठेवूनच हसून घेतलं.

दीर कसा होता म्हणाल, तर काहीच नव्हता. म्हणजे सांगण्यासारखं काही नव्हतं. मी या घरात आले तेव्हा तो शाळेत होता. जेवायला बसला की माझ्या ठेच्याला नावं ठेवायचा आणि तोच ठेचा भाकरीवर थापून खायचा. लाजरा इतका की लग्नाच्या पंगतीत पाटावर बसायचं असलं तरी मला पुढे ढकलायचा. "वहिनी, तू पुढे व्हय." भरतीला धावायला गेला तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं होतं की हा पोरगा साहेबांसमोर स्वतःचं नाव तरी सांगेल का. त्यानं सांगितलं, आणि घेतलंही त्याला.

मग सासरे गेले. वर्षभर घरात सण नव्हता, त्यामुळे एका वर्षी कानबाई बसली नाही. पुढच्या श्रावणात सासूबाई पुन्हा पोत्याजवळ बसल्या, मी सूप धरलं. आजवर पहिली मूठ सासऱ्यांच्या नावाची असायची. सासूबाईंचा हात सवयीनं पोत्यात गेला, मूठ भरली, आणि तशीच थांबली. नाव ओठावर आलं होतं. ते घेता येत नव्हतं. त्यांनी मूठ परत पोत्यात सोडली आणि पदर डोळ्यांना लावला. बाकीच्या बायका म्हणाल्या, चाला, पुढचं नाव घ्या. मग त्यांनी घेतलं. माझ्या नवऱ्याचं घेतलं, माझ्या मुलाचं, चुलत सासऱ्यांचं, त्यांच्या मुलांचं. मी रडत होते, सूप हलत होतं, कुणीतरी बाई गाणं म्हणत होती. दळण झालं, रोट झाला, कानबाई आली आणि गेली.

त्याच आठवड्यात फोन आला. नवरा पपईच्या शेतात होता, तिथंच त्याला कुणा अधिकाऱ्यानं हिंदीत सांगितलं की भाऊ जखमी आहे, दवाखान्यात आहे, घाबरू नका. नवरा मोटारसायकल तिथंच टाकून चालत घरी आला. आम्ही सगळे फोनभोवती बसलो. सासूबाई मागच्या पडवीत गेल्या आणि मला हाक मारली. मी गेले तर त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"त्यान्हा नावनी मूठ मी टाकीच नही," त्या म्हणाल्या.

"माय, काय बोली ऱ्हायनात? तुम्ही टाकेल शे. मी सूप धरेल व्हतं ना."

"तू रडी ऱ्हायनी व्हती," त्या म्हणाल्या. "तुन्हा बापनी मूठ सोडी, आनि त्यान्हामांगे याचं नाव राही गयं."

सासऱ्यांना त्या माझा बापच म्हणायच्या. मी पुन्हा म्हटलं की टाकली होती. पण मला आठवत नव्हतं. खरंच सांगते, आजही आठवत नाही. नावं इतकी, हुंदके इतके, की धाकट्याचं नाव आलं की नाही हे ना मला सांगता येईल ना त्या दिवशी तिथं बसलेल्या कुणा बाईला. मी शपथ घ्यायला तयार होते आणि सासूबाईंना ते दिसत होतं, म्हणूनच त्यांनी ती घेऊ दिली नाही.

दोन दिवसांनी दिराचा स्वतःचा फोन आला. हाताले थोडं लागनं, म्हणे. दिवाळीत तो आला तेव्हा डावा हात कोपरापासून वाळल्यासारखा दिसत होता आणि वरून खालपर्यंत टाके. विचारलं तर म्हणाला, दगड उडना. खायचा आणि झोपायचा. सासूबाई त्याच्या ताटात तूप वाढायच्या, पण त्या हाताकडे बघायच्या नाहीत. तो डाव्या बाजूला बसला की त्या उठून उजवीकडे जायच्या. घरात ते फक्त मला कळत होतं, आणि कळून माझा काही उपयोग नव्हता.

जानेवारीत गावातल्या कुणीतरी मोबाइलवर बातमी पाहिली. दिराला सेना मेडल जाहीर झालं होतं, शौर्यासाठी. मग काय विचारता! चौकात बॅनर लागला. त्यावर शुभेच्छुकांचे हसरे चेहरे टोपलीएवढे आणि ज्याला मेडल मिळालं त्याचा फोटो कोपऱ्यात पासपोर्टाएवढा. ज्यांनी आयुष्यात त्याच्याशी शब्द बोलला नाही ते सांगत होते की आम्ही त्याला लहानपणीच ओळखलं होतं. म्हसावदहून एक स्थळ आपणहून चालून आलं. ओट्यावर पेढ्यांच्या खोक्यांची रास पडली. मी चिडचिड करत चहा करत होते आणि आतून अशी फुलले होते की दुधाला उतू जाऊ देत होते.

सासूबाई पडवीत तूर निवडत बसल्या होत्या. मी पेढा घेऊन गेले. त्यांनी हात मागे घेतला. "मन्हामुळे त्याले लागनं," त्या म्हणाल्या, "आनि मी पेढा वाटू?" बाहेर फटाके वाजत होते. गावानं ठरवलं की आई आहे, काळजीनं तिला बोलवत नाही. बरं झालं, त्यांनी तेवढंच ठरवलं.

मेडल द्यायचा समारंभ उन्हाळ्यात होता, पार उत्तरेकडच्या एका छावणीत. घरच्या दोघांना बोलावणं होतं. दिरानं आईला आणि भावाला या म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, गुडघे दुखतात. त्या गुडघ्यांनी त्या आठवड्याला मिरचीची अख्खी पथारी पालटली होती, पण मी बोलले नाही. त्यांच्या जागी मी गेले.

तिथलं मैदान, ते पांढऱ्या कापडाचे मंडप, एका रेषेत ठेवलेल्या खुर्च्या, सगळं इतकं नेटकं होतं की मला चप्पल काढावीशी वाटली. बँड थांबला. एकेक जवान पुढे यायचा, कडक सलाम करायचा, आणि त्यानं काय केलं ते हिंदीत वाचून दाखवलं जायचं. माझ्या दिराचं नाव आलं. तो चालत आला. मी त्याला ओळखलं, आणि ओळखलंही नाही. तोच पोरगा, तेच जरा पुढे आलेले कान, पण चाल माझ्या ओळखीची नव्हती.

मग एका अधिकाऱ्यानं वाचायला सुरुवात केली, आणि आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं की दगड उडालाच नव्हता.

सकाळी धुकं उठता उठता सीमेपलीकडून गोळीबार सुरू झाला. आपले तिघे जवान चौकीबाहेर उघड्या उतारावर होते. तिघेही पडले. माझा दीर मागच्या बंकरमध्ये होता, आडोशाला, सुरक्षित. त्यानं परवानगी मागितली आणि तो बाहेर निघाला. पोटावर सरपटत पहिल्याजवळ गेला, त्याच्या पाठीवरच्या पट्ट्याला धरून ओढत त्याला आणलं. पुन्हा गेला. दुसरा अंगानं जड होता. त्याला आणताना जवळच तोफगोळा फुटला आणि दिराच्या डाव्या हातात तुकडे घुसले. त्यानं दुसऱ्यालाही आणलं. त्याला सांगण्यात आलं की आता थांब. तो तिसऱ्यांदा गेला. एका हातानं. तिसऱ्या साथीदाराजवळ पोहोचल्यावर गोळीबार इतका वाढला की परतता येईना. तेव्हा स्वतःचं अंग त्याच्या आणि गोळ्यांच्या मध्ये घालून तो पडून राहिला, आणि शेवटी त्याला घेऊनच परतला. तो साथीदार वाचला नाही. पहिले दोघे वाचले.

'अपने प्राणों की परवाह न करते हुए' असं त्यात एक वाक्य होतं. हे वाक्य मी दरवर्षी टीव्हीवर ऐकते, भाजी चिरता चिरता ऐकते. त्या दिवशी ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला तो जाईना. जो पंगतीत मला पुढे ढकलायचा, ज्याच्या विजारींना बटणं लावली, तो एका हातानं तिसऱ्यांदा त्या उतारावर गेला होता. कसा गेला? मी डोळे मिटून बघायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा जाणं मला कळू शकतं, रक्त तापलेलं असतं. दुसऱ्यांदा जाणं ओढूनताणून कळतं. तिसऱ्यांदा, हात फाटलेला, बाहेर काय आहे ते नीट माहीत असताना, थांब म्हटलेलं असताना! त्याच्या छातीवर लाल फितीचं मेडल लावलं गेलं. आम्ही उभे राहिलो. माझा नवरा उभ्या आयुष्यात माझ्यासमोर रडला नव्हता. तो तिथं शेकडो लोकांत मोठ्यानं रडला, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

संध्याकाळी पाहुण्यांच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. दीर बूट काढून पलंगावर मांडी घालून बसला होता आणि मी नंदुरबारहून नेलेला चिवडा खात होता. मी विचारलं, "भाऊ, तिसरा टाइमले तू काबरं गया?"

तो खाता खाता थांबला. "तो मन्हं नाव लेत व्हता, वहिनी," तो म्हणाला.

एवढंच. मग त्यानं चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले, लहानपणी वेचायचा तसे. मी त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी, त्याची थोरली वहिनी, पण त्या खोलीत मला त्याच्या पाया पडावंसं वाटत होतं. पडले नाही, कारण तो लाजून पळाला असता.

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. अगदी वाचून दाखवलेलं तसंच्या तसं. वाटलं, अभिमान वाटेल, मनावरचा दगड हलेल. झालं उलटंच. तोवर त्यांना वाटत होतं की एकदाच काहीतरी लागलं. आता कळलं की तो तीन वेळा गोळ्यांत गेला. तीनही वेळा त्याच्या नावाची मूठ पाठीशी नव्हती, असा त्यांनी हिशेब लावला. त्या दिवसापासून त्यांनी दिराच्या फोनवर बोलणंही कमी केलं. "बरा शे ना? जेव. ठेव." एवढंच बोलून फोन माझ्या हातात.

मग श्रावण आला, आणि यंदा त्याला सुट्टी मिळाली. रोटाला तो घरी असणार होता, भरती झाल्यापासून पहिल्यांदा. गावानं मिरवणुकीची तयारी केली. नंदुरबार स्टेशनावर उघडी जीप, डीजे, फेटे, हारांची पाटी. शनिवारी दुपारी गाडी आली. सगळा गाव फलाटावर, आणि गाडीतून हा उतरेचना. दीर नवापूरलाच उतरला होता. तिथून बसनं विसरवाडी, आणि विसरवाडीहून पपईची रिकामी क्रेटं नेणाऱ्या एका गाडीत बसून तो सरळ घरी आला. ड्रायव्हरनं त्याला विचारलं, काय करता? हा म्हणाला, नोकरी. स्टेशनावरचा डीजे तासभर कुणासाठी वाजत होता ते देवाला ठाऊक. मी पोट धरून हसले. जीपवाल्यानं मात्र आमच्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं होतं.

तो आला तेव्हा नवरा स्टेशनावर होता. घरात मी आणि सासूबाई. मुठी टाकायची वेळ होऊन गेली होती आणि सासूबाई पोत्याजवळ बसायला तयार नव्हत्या. सकाळपासून माझं त्यांच्याशी तेच चाललं होतं. त्या म्हणत होत्या की यंदापासून थोरल्या सुनेनं टाकावी. मी म्हणत होते की तुम्ही बसलेल्या असताना मी पोत्यात हात घालणार नाही. खरं कारण आम्हा दोघींना माहीत होतं. त्यांना भीती होती की आपल्या हातून पुन्हा कुणाचं तरी नाव राहील, आणि या वेळी तो वाचणार नाही. देवासमोर हा हात चालवायला त्या आता कधीच बसणार नव्हत्या, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दीर पाय धुऊन आत आला, आईच्या पाया पडला आणि पोत्याकडे बघून हसत म्हणाला, "माय, मन्ही मूठ टाकी का नही आजून? मन्हासमोर टाक. माले देखनं शे."

"यंदा वहिनी टाकी," त्या म्हणाल्या. "मन्हा हात नको."

"काबरं? हातले काय व्हयनं?"

तो थट्टा करतोय असं दाखवत त्यांचा हात धरायला गेला, आणि त्यांचा बांध फुटला. गेल्या श्रावणातलं सगळं त्यांनी त्याच्यासमोर टाकलं. तुझ्या बापाची मूठ सोडली, त्यात तुझी राहिली, आठवड्यात फोन आला. "मन्हामुळे तुले लागनं. ते मेडल माले दाखाडू नको. माले ते देखाई जात नही."

मला वाटलं, तो हसेल. समजूत घालेल, 'माय, येडी शे का' म्हणेल. तो हसला नाही. हळूच खाली बसला, त्यांच्यासमोर, डावा हात मांडीवर ठेवून.

"मी आठे येवाना पहिले कोठे गयथू, माहीत शे का?" त्यानं विचारलं. "जो तिसरा व्हता ना, त्यान्हा घर गयथू. पहाडमा शे त्यान्हं घर. त्यान्ही माय एकलीच ऱ्हास."

सासूबाईंनी मान वर केली.

"माले देखीसन ती पहिलं काय बोलनी सांगू? ती म्हणे, बेटा, मन्हा एक सोमवार चुकना. ती त्यान्हासाठे दर सोमवारे उपास करे. एक सोमवारे तापमा पडेल व्हती, शेजारीणनी तिले दूध-भात खावाडा. त्याच मयनामा आमन्हं ते व्हयनं. ती म्हणे, मीच मारं मन्हा पोऱ्याले."

सासूबाईंनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "मंग तू काय सांगं तिले?"

"मी मेडल काढं, तिन्हा हातमा दिधं, आनि त्यान्हावर हात ठेवीसन शपथ खादी. म्हटलं, माय, तुन्ही काही चूक नही शे. गोळी उपास देखीसन येत नही." तो थांबला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण तो आता आईकडे थेट बघत होता. "आते तू सांग. तुन्ही मूठ खरी, ते तिन्हा सोमवार बी खरा. मंग मी त्या माउलीजोडे खोटी शपथ खादी. जाऊ का परत? सांगू का तिले, हा, तूच मारं?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. छावणीत त्याचं शौर्य वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं होतं की याहून मोठं काही असूच शकत नाही. पण त्या उतारावर त्याला कुणीतरी हाक मारत होतं. पहाडातल्या त्या दाराशी त्याला कुणी बोलावलं नव्हतं. ज्याला वाचवता आलं नाही त्याच्या आईसमोर, एकट्यानं, जिवंत हातपाय घेऊन जाऊन उभं राहायचं! आणि तिथून उठून हा नवापूरला उतरून, पपईच्या क्रेटांवर बसून, घरी रोट खायला आला होता.

सासूबाई बराच वेळ त्याच्या डाव्या हाताकडे बघत होत्या. वर्षभरात पहिल्यांदा. मग त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कोपरापासून खालपर्यंत टाक्यांवरून अंगठा फिरवत नेला, पोरगं तापलं की आई अंग चाचपते तसा. त्या रडत नव्हत्या.

"तिन्हाजोडे फोन शे का?" त्यांनी विचारलं.

"शे."

"लाई दे."

त्यानं फोन लावला. पलीकडच्या बाईशी तो हिंदीत बोलला, की माझी आई आहे, तुमच्याशी बोलायचं म्हणते. मग फोनचा आवाज मोठा करून आईच्या हातात दिला. सासूबाईंना हिंदी येते ती बाजारात कापडवाल्याशी घासाघीस करण्यापुरती. त्यांनी फोन तोंडासमोर आरशासारखा धरला, पदर डोक्यावर सारखा केला, जणू ती बाई समोर बसली होती.

"माय," त्या म्हणाल्या, "मी त्यान्ही माय बोली ऱ्हायनू."

पलीकडून दबक्या आवाजात "नमस्ते जी" आलं. मागे कुठंतरी शेळी ओरडत होती.

दीर पुढे होऊन हिंदीत काही सांगणार होता, पण त्यांनी त्याला हातानं थांबवलं. "तुन्ही काही चूक नही शे," त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या. "ऐकं का, माय? तुन्ही काही चूक नही शे. मन्ही बी नही."

ते शब्द तिकडे किती पोहोचले, मला माहीत नाही. मग ती बाई तिच्या पहाडी हिंदीत, एकेक शब्द सुटा सुटा उच्चारत म्हणाली, "फिर से बोलो, बहन. एक बार फिर से बोलो."

सासूबाईंनी पुन्हा सांगितलं. या वेळी त्यांचा आवाज कापला नाही.